वाऱ्यातली दोन टिंबं

मंगळवार, सकाळचे नऊ. गुन्सान, खोली चारशे सात.
पटावर तेरा जण. दहाच्या खाली गेले
तर तास रद्द होतो, असा नियम आहे,
म्हणून मार्चभर मी मुलं मोजते,
महिनाअखेरीला सुट्टे पैसे मोजावेत तशी.

फळ्यावर तीन ओळी. कवी अज्ञात,
बहुधा हद्दपार झालेला कुणी:

    दाराचा कागद फाटलाय, राहू दे, चिकटवू नका;
    माझी विचारपूस करायला येतो तो एकटा वारा,
    त्यालाही खळ लावून बाहेर ठेवलं, तर बोलू कुणाशी?

"वारा म्हणजे दरबारातले शत्रू,"
मेंग छान-उ वर न बघता सांगतो.
"कागद म्हणजे निष्ठा. पर्याय तिसरा."
त्याचं काय चुकलं?
शाळेत त्यांनी असंच घोकलंय:
चंद्र दिसला की राजा, पाइन दिसला की निष्ठा,
विरहिणी रडली की ती ज्याच्यासाठी रडते तोही राजाच.
आणि मी, नोकरी लागण्याआधी सहा वर्षं,
रात्रीच्या शिकवणीत हेच विकलं,
तासाच्या दरानं, लाल पेनानं.

ओक दान-बी विचारते, "याचा पुढे उपयोग काय?"
उद्धटपणे नाही. रात्री दोनपर्यंत ती
चौकातल्या दुकानात बारकोड वाचत असते,
तिचा प्रश्न रास्त आहे.
मी काहीतरी उत्तर दिलं.
घरी पोचेपर्यंत ते मलाच आठवेना.

मग मी अक्षरांकडे वळते. अक्षरं त्या मानानं सोपी.
'वारा' या शब्दात आज जिथे उभी काडी,
तिथे जुन्या लिपीत नुसतं टिंब.
एक 'ब'च्या पायाशी, एक 'र'च्या.
"हा स्वर गेला," मी सांगते, बावीस वर्षं सांगत आले,
"अ आणि ओ यांच्या मधे कुठंतरी होता."
ताश्कंदची मुखलिसा ओठ गोल करून बघते,
हसते, सोडून देते.
पुस्तकात एक तळटीप आहे:
जेजू बेटावर, काही वृद्धांच्या तोंडी, अजून.
ती मी परीक्षेला लावत नाही.

"आमच्या काकाला येतो तो."
मागच्या बाकावरून. बू ते-गॉन.
बोली कळू नये म्हणून
कँटीनमध्येही बोट दाखवून मागणारा पोरगा.

फोन लागतो. स्पीकरवर आधी नुसती घरघर,
मग मुळ्याच्या शेतातून ओरडणारा माणूस:
काय रे, पैसे संपले?
नाही काका. तिकडे हवा कशी आहे?
आणि काका ते म्हणतो.
वारा. दोन्ही टिंबांसकट.
वारा फार आहे, मुळे काढायचं थांबवलंय,
जेवलास का तू, परत वारा,
एक शिवी, पुन्हा वारा.

बावीस वर्षं ज्याचं मी श्राद्ध घालत होते
तो तिकडे उघड्यावर उभा राहून
मजुरीच्या वाढलेल्या दराबद्दल कुरकुरत होता.

"एवढं शांत का रे? कुठं आहेस?"
"वर्गात."
"मग फोन कशाला केलास, गाढवा,"
आणि काकानं फोन ठेवला.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
ते-गॉनचे कान लालभडक.
छान-उनं वहीत काहीतरी खोडलं,
काय ते दिसलं नाही.

पुढच्या मंगळवारी बारा.
दान-बी नव्हती, तिची पाळी सकाळची झालीय म्हणे.
तिचं उत्तर माझ्याकडेच राहिलं,
तेही अजून नीट जमलेलं नाही.

सगळे गेल्यावर, दिवे बंद करताना,
मी तो स्वर म्हणून बघते.
ओ होतो.
पुन्हा म्हणते.
अ होतो.